वायरलेस भंगारात काढण्यापूर्वी

वाचकहो, या सदरात एरवी मी रक्तदाब, साखर, गुडघेदुखी, मुलांचा खोकला असल्या विषयांवर लिहितो. आज वॉकीटॉकीवर लिहिणार आहे म्हटल्यावर डॉक्टरांना पावसाळी हवा बाधली की काय, अशी शंका कोणाला आली तर मी दोष देणार नाही. पण विषय आरोग्याचाच आहे. माणूस रस्त्यात कोसळतो तेथपासून तो डॉक्टरांच्या हाताखाली येईपर्यंत जो वेळ जातो, त्यातला बराचसा निरोपानिरोपीत जातो. गाडी कुठे आहे, कोणत्या रस्त्याने येते आहे, कोणत्या रुग्णालयात खाट आहे, तिथे रक्त आहे का, भूलतज्ज्ञ आहे का? हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणे कोणी सुरू केले नाही, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. बाळंतिणीला प्रसूतीनंतर मोठा रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांत ती दगावू शकते. या हिशेबात चार वेळा न लागलेला फोन केवढ्याला पडतो, ते तुम्हीच ठरवा.

निमित्त असे झाले की, जिल्ह्यातल्या एका लहान नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात काम करणारे एक गृहस्थ दवाखान्यात आले होते. गोळ्यांची चिठ्ठी घेता घेता म्हणाले, "डॉक्टर, आमचे जुने वायरलेस सेट बंद पडलेत. ते दुरुस्त करायचे, नवे घ्यायचे, की सगळ्यांना मोबाइल द्यायचे, यावर ऑफिसात वाद चाललाय. साहेब म्हणतात, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना ही डबडी हवीत कशाला? भंगारात काढा. तुम्ही काय म्हणता?" मी म्हटले, आधी तुमचा रक्तदाब बघू. तो वादाला साजेसाच निघाला.

साहेबांचे म्हणणे वरवर पाहता खोटे नाही. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी तेव्हाच्या कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलून देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी बोलायला मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडत आणि आलेला फोन उचलला तरी पैसे जात. त्याच सुमारास मी डॉक्टर होऊन बाहेर पडलो. इंटर्नशिपच्या दिवसांत मध्यरात्री वरिष्ठांना बोलवायचे तर वॉर्डबॉय हातात कॉलबुक घेऊन क्वार्टरवर जात असे. डॉक्टर त्यावर सही करत, वेळ लिहीत आणि मग चपला शोधत. आज तीच तातडी खिशातून वाजते. ग्रामीण रुग्णालयात छातीत दुखते म्हणून आलेल्या शेतकऱ्याचा कार्डिओग्राम काढून त्याचा फोटो ठाण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवला, तर पाच मिनिटांत उत्तर येते आणि पुढचे उपचार ठरतात. वायरलेसवरून कार्डिओग्रामचा फोटो जात नाही. गाडी नेमकी कुठे उभी आहे, हेही मोबाइल नकाशावर दाखवतो. नातेवाइकांना धीर देणे, दुसऱ्या डॉक्टरांशी औषधाच्या मात्रेबद्दल बोलणे ही कामे चारचौघांना ऐकू जाणाऱ्या वायरलेसवर करूच नयेत. तेव्हा रोजच्या कामाला मोबाइल उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझी शंका रोजच्या कामाबद्दल नसून न-रोजच्या दिवसाबद्दल आहे. आणि आपल्या भागात असे दिवस अधूनमधून येतातच.

२६ जुलै २००५ हा दिवस ठाणे, कल्याण, डोंबिवलीतला कोणीही मध्यमवयीन माणूस विसरलेला नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सखल वस्त्यांत शिरले. लोकल बंद, रस्ते बंद, वीज बंद. आणि ज्याच्यावर भरवसा ठेवावा तो मोबाइल हातात धरून माणसे रुळांवरून चालत होती, कारण फोन लागत नव्हते. राज्यात त्या पावसाने हजाराहून अधिक बळी घेतले. पुढच्या वर्षी, ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्या संध्याकाळी पूर नव्हता, मनोरे उभे होते, वीज होती. तरीही फोन लागेनात. सगळी मुंबई एकाच वेळी 'तू कुठे आहेस' असे विचारत होती.

हे का होते, ते समजून घेतले पाहिजे. मोबाइल कंपनी एखादा मनोरा उभारते तेव्हा त्या भागातले सगळे ग्राहक एकाच क्षणी बोलणार नाहीत, असे गृहीत धरलेले असते. आपल्या सोसायटीच्या नळाचेच पाहा ना. सकाळी सगळ्यांनी एकदम नळ उघडले की चौथ्या मजल्यावर नुसती हवा येते. संकटात सगळे शहर एकदम नळ उघडते. शिवाय मनोऱ्याला वीज लागते. ती गेली की बॅटरी काही तास चालते, पुढे डिझेल जनरेटर. जनरेटरजवळच पाणी साचले असेल तर तिथे डिझेल पोहोचवणार कोण? मनोरा शाबूत राहिला तरी त्याला बाकीच्या जाळ्याशी जोडणारी केबल तुटली, तर तो नुसताच लोखंडी सांगाडा उरतो.

साधा वॉकीटॉकी यातल्या कशावरही अवलंबून नसतो. एका सेटमधून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटमध्ये जाते. मध्ये कंपनी नाही, केबल नाही, बिल नाही. शहरी भागात हातातला सेट दोन-चार किलोमीटरपर्यंत बोलतो. गाडीत बसवलेला जास्त शक्तीचा सेट आणखी दूर जातो, आणि उंचावर रिपीटर बसवला तर सगळे शहर एका आवाजाच्या टप्प्यात येते. हे तंत्र जुने आहे म्हणून हिणवले जाते. पण २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे टेलिफोन कोलमडले, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो त्यांनी, निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेले होते, आणि अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क त्यांच्या यंत्रांनी ठेवला.

दुसरा फरक मला डॉक्टर म्हणून अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि निविदा काढणाऱ्यांच्या तो सहसा लक्षात येत नाही. फोनवर एकजण एकाशी बोलतो. वायरलेसवर एकजण बोलतो आणि सगळे ऐकतात. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या आणि शेकडो माणसे जखमी झाली. आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यांतही लोक हाताला, कपाळाला टॉवेल गुंडाळून आले. काच लागलेली जखम वरून बारीक आणि आत खोल असते. कोणाला टाके घालून घरी पाठवायचे आणि कोणाला शल्यचिकित्सकाकडे, हे झटपट ठरवावे लागते. मी एका सर्जन मित्राला फोन लावत होतो. बराच वेळ लागलाच नाही.

आता डोंबिवलीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. एमआयडीसी पूर्वेला, पालिकेचे शास्त्रीनगर रुग्णालय पश्चिमेला, मध्ये रेल्वेमार्ग आणि तो ओलांडायला मोजके पूल. कोपर पूल गर्दीने भरला आहे, ठाकुर्लीच्या पुलावरून या, हा एक निरोप दहा रुग्णवाहिकांना द्यायचा आहे. मोबाइलवर नियंत्रण कक्षातल्या माणसाने दहा फोन करायचे. त्यातले तीन व्यग्र, दोन 'संपर्क क्षेत्राबाहेर', एक चालक गाडी चालवतोय म्हणून उचलत नाही. वायरलेसवर हे काम दहा सेकंदांत होते. इतकेच नव्हे, पुलावर अडकलेला पहिला चालक बटण दाबून बोलला की कंट्रोलने सांगण्याची वाट न पाहता बाकीचे नऊ आपोआप सावध होतात. २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला. तेव्हा हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही.

कोणी म्हणेल, व्हॉट्सअॅपवर ग्रुप करा, तोही सगळ्यांना एकदम जातो. आपत्ती व्यवस्थापनाच्या असल्या एक-दोन ग्रुपमध्ये माझीही भरती झालेली आहे. तिथे सकाळी गुलाबाची फुले येतात, दुपारी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो, आणि 'अमुक ठिकाणी झाड पडले' हा निरोप त्यांच्यामध्ये कुठेतरी दबून जातो. शिवाय गाडी चालवणाऱ्याने निरोप वाचायचा कधी?

मात्र मोबाइलची बाजू घेताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. संकटात सापडलेला नागरिक तुमच्यापर्यंत पोहोचणार तो मोबाइलवरूनच. २७ जुलै २०१९ च्या पहाटे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी आणि त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. गाडीत अडकलेल्यांनी मोबाइलवरून बाहेर कळवले, मदत मागितली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, नौदल, स्थानिक गावकरी सगळे धावले आणि सगळे प्रवासी सुखरूप निघाले. खबर आत येण्याचा रस्ता मोबाइलचा असतो. पण मदत करणाऱ्यांचे आपसातले बोलणेही त्याच गर्दीच्या रस्त्यावरून करायचे, हा शहाणपणा नव्हे.

१०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचेही असेच आहे. २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेली ही सेवा राज्यातल्या असंख्य लोकांना वरदान ठरली आहे. पण कल्याणहून केलेला तो फोन पुण्यातल्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून गाडी हलते. एरवी यात काहीच गैर नाही. कल्याणचे जाळे कोसळले त्या दिवशी मात्र गाडी चौकात उभी असेल, रुग्ण पुढच्या गल्लीत असेल आणि दोघांची गाठ घालून देणारा फोन लागत नसेल. म्हणून नगरपरिषदेच्या स्वतःच्या एक-दोन रुग्णवाहिका आणि बंब यांना गावातल्या गावात बोलणारे साधन हवे.

आता बाजारातल्या एका मालाबद्दल सावध करतो. हल्ली दिसायला हुबेहूब वॉकीटॉकी, बाजूला बटण, वर आखूड अँटेना, आणि पोटात मोबाइलचे सिमकार्ड, असे सेट मिळतात. विक्रेता सांगतो, साहेब, देशभर रेंज, परवान्याची कटकट नाही. बोलायला ते छान आहेत, एकाच वेळी सगळ्यांना ऐकूही जाते. पण ते मोबाइलच्याच मनोऱ्यांवर चालतात. मनोरा गेला की तेही गेले. सोसायटीच्या पहारेकऱ्यांना ते खुशाल द्यावेत. पुरासाठी वायरलेस घेतले म्हणून जर कोणी हे घेऊन ठेवले असतील, तर त्याने छत्री म्हणून काठी विकत घेतली आहे. खरेदी समितीने विक्रेत्याला एकच विनंती करावी: सिम काढा आणि आता या खोलीतून त्या खोलीत बोलून दाखवा.

उलट खऱ्या वायरलेसलाही परवाना लागतो, हे लक्षात ठेवावे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा तो देते आणि बोलण्याची लहर ठरवून देते. ४४६ मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यातले कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय चालतात, पण त्यांचा आवाका फार थोडा. एखाद्या इमारतीत किंवा लसीकरण शिबिरात ठीक, शहरभर नव्हे. ऑनलाइन दुकानांतून परवान्याचा उल्लेखही न करता वॉकीटॉकी विकले जात असल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये नोटिसा काढल्या. तेव्हा स्वस्त मिळाले म्हणून दोन डझन उचलून आणावेत, असे सार्वजनिक संस्थेने तरी करू नये.

वायरलेस घेतला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा जगातल्या सर्वांत श्रीमंत शहराच्या अग्निशमन दलाकडे वायरलेस होतेच. पण उंच इमारतीत आवाज नीट पोहोचत नव्हता, अग्निशमन दल आणि पोलीस यांची यंत्रणा वेगवेगळी होती, आणि बाहेर पडण्याचा हुकूम वरच्या मजल्यांवरच्या अनेकांना ऐकूच आला नाही. त्या दलाचे ३४३ जण गेले. आपल्याकडे कारणे अधिक साधी असतात. एका कार्यालयात मी सेट पाहिले आहेत ते कपाटात, कुलपात, मूळ खोक्यात. किल्ली साहेबांकडे आणि साहेब मंत्रालयात. बॅटरी वर्षभर पडून राहिली की मरते. जो सेट रोज वापरला जात नाही तो पुराच्या दिवशी चालत नाही, आणि जो माणूस रोज बोलत नाही तो त्या दिवशी बटण दाबायच्या आधीच बोलायला सुरुवात करतो आणि पहिले दोन शब्द गिळले जातात. नेमके तेच दोन शब्द ठिकाणाचे असतात.

बोलायचे काय, हेही शिकवावे लागते. ठिकाण, किती जण, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का, रक्त वाहते आहे का. एवढे कळले की कॅज्युअल्टीतली परिचारिका तयारीला लागते. रुग्णाचे नाव, त्याचा आजार, पोलीस केसचा तपशील यांतले काहीही वायरलेसवर जाऊ नये, कारण ते कोण कोण ऐकते आहे याचा नेम नसतो. अर्थात मोबाइलवर गुपित राहते, अशी समजूतही करून घेऊ नये. अपघातातल्या मृतदेहांचे फोटो घरच्यांच्या आधी अख्ख्या गावाला पोहोचतात, ते वायरलेसवरून नव्हे.

शहर सोडून मुरबाड, शहापूरकडे गेले की प्रश्न आणखी बदलतो. पावसाळ्यात पाड्यावर जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंशाची खूण दिसतही नाही, सूज नाही, मग पापण्या जड होतात आणि पुढे श्वासाचे स्नायू थकतात. अशा रुग्णाला प्रतिविष देऊन, तोंडावर फुगा दाबत उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे नेताना, 'व्हेंटिलेटर तयार ठेवा' हा निरोप गाडीच्या आधी पोहोचायला हवा. माळशेजकडच्या डोंगरांत मोबाइलला कुठे एक रेघ दिसते, कुठे तीही नाही. पण तिथे हातातला वायरलेसही डोंगराआड मुका होतो. उंच जागी रिपीटर असेल तरच तो कामाचा, आणि हे काम एकट्या नगरपंचायतीच्या ऐपतीचे नाही; ते जिल्ह्याने करायला हवे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ठाण्याचे आपत्ती प्रतिसाद दलही तिकडे गेले होते. वर गाडीरस्ता नव्हता, पाऊस आणि धुके होते. चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी हृदयविकाराने गेले. अशा डोंगरावर चढणाऱ्या प्रत्येक तुकडीत एक तरी सेट असावा. तो दरडीखालच्यांसाठी तर हवाच, चढणाऱ्यांपैकी कोणाच्या छातीत कळ आली तर त्याच्यासाठीही हवा.

मग लहान नगरपरिषदेने नेमके काय घ्यावे? सगळ्या कर्मचाऱ्यांना वायरलेस वाटण्याची गरज नाही. तो पैशाचा अपव्यय होईल. नियंत्रण कक्षात एक बेस सेट, प्रत्येक बंबात आणि रुग्णवाहिकेत एकेक, रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक, पंपहाऊसवर एक, आणि हातातले चार-सहा. माझ्या मते पैसे थोडे असतील तर आधी हे घ्यावे, मग उरले तर मोबाइल. कारण मोबाइल कर्मचाऱ्यांकडे आधीच आहेत, वायरलेस कोणी घरून आणणार नाही. जे मोबाइल घ्याल ते माणसाला न देता खुर्चीला द्यावेत. आज बहुतेक ठिकाणी तातडीचा क्रमांक हा कोणातरी साहेबांचा खासगी क्रमांक असतो. बदली झाली की क्रमांक त्यांच्याबरोबर जातो आणि फलकावर जुनाच रंगवलेला राहतो. ड्युटीचा फोन टेबलावर राहावा, त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असावीत, आणि पाळी संपली की तो पुढच्याच्या हातात जावा.

कॅज्युअल्टीतला सेट औषधांच्या ट्रॉलीशेजारी, चार्जरवर. रोज सकाळी नऊ वाजता कंट्रोलने एकेकाला नावाने हाक मारायची, त्याने उत्तर द्यायचे, वहीत टिक करायची. याला दोन मिनिटे लागतात. ज्या गाडीतून उत्तर आले नाही ती गाडी नादुरुस्त समजावी. परवान्याला मात्र वेळ लागतो आणि पावसाळा कोणाच्या फाइलीसाठी थांबत नाही. म्हणून अर्ज निविदेच्या आधी टाकावा. आणि जिथे जुन्या सेटचा परवाना अजून चालू आहे, तिथे ते भंगारात काढण्याऐवजी आधी त्यांच्या बॅटऱ्या बदलून पाहाव्यात. बंद पडलेल्या सेटपैकी कितीतरींना तेवढ्याचीच गरज असते.